दिसते, पण सांगवत नाही

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी नेत्रविभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्षभरात किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलतीच्या दरात उपचार मिळाले, याचा तपशील अहवालात मांडला गेला आहेच. ज्या दुःखाची नोंद अशा कोणत्याही तक्त्यात होत नाही, त्याविषयी मी आज बोलणार आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे नियमित तपासणीसाठी येत असत. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणत असू. त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने, नाव-गाव वगळून, ही हकीकत सांगतो आहे. प्रत्येक भेटीत मी डोळ्यांतील दाब मोजत असे, थेंबांची चौकशी करीत असे आणि पुढची तारीख देत असे. एकदा उठता उठता गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोळा गेला, तरी बघणे थांबते का हो?" मला वाटले, वार्धक्यातील चिंतनशील वाक्य आहे. मी हसलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या रुग्णाला बोलावले.

तो प्रश्न अगदी शब्दशः विचारलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. दिवेलागणीच्या सुमारास गुरुजींना समोरच्या भिंतीशी माणसांची एक रांग बसलेली दिसत असे. डोक्याला रंगीबेरंगी फेटे, अंगरख्यांवर बारीक वेलबुट्टी, चेहरे अनोळखी. ती माणसे एक शब्दही बोलत नसत आणि गुरुजींकडे लक्षही देत नसत. तेथे कोणी नाही हे गुरुजींना पक्के ठाऊक होते. हात पुढे केला की हाताला भिंतच लागते, याची खात्री त्यांनी पहिल्याच आठवड्यात करून घेतली होती. त्यांना भीती त्या माणसांची नव्हती, घरच्यांना कळेल याची होती. आपल्याला वेड लागले असे ठरेल, आपल्या सहीला किंमत उरणार नाही, आपल्याला कोठेतरी नेऊन ठेवतील, या धास्तीने त्यांनी अकरा महिने हे कोणाला सांगितले नाही. सायंकाळचे भजन सोडले, रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले.

एके दिवशी ते नकळत मोठ्याने बोलून गेले, "जरा सरकून बसा." सूनबाईंनी ते ऐकले आणि घर हादरले. त्यांना अन्यत्र दाखविण्यात आले. तेथे त्यांच्या दृष्टीची चौकशी झालीच नाही आणि कडक गोळ्या सुरू झाल्या. त्या गुंगीत एका रात्री ते मोरीत घसरले व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी ते आपल्या अस्थिरोग विभागात दाखल झाले. तेथे रात्रपाळीच्या एका परिचारिका भगिनीने त्यांची नजर भिंतीकडे खिळलेली पाहिली. ती जवळ बसली आणि म्हणाली, "गुरुजी, तिथे काय दिसते तुम्हांला? मला सांगा ना." अकरा महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

मित्रहो, गुरुजींना जे झाले होते त्याला वैद्यकशास्त्रात शार्ल बोने यांचे नाव दिलेले आहे. बोने हे जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांचे आजोबा शार्ल ल्यूलँ हे निवृत्त न्यायाधिकारी होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या नव्वदीच्या आसपास, त्यांची दृष्टी मंदावत गेली आणि त्यांना स्त्री-पुरुष, पक्षी, गाड्या, इमारती दिसू लागल्या. त्यांची बुद्धी शाबूत होती आणि हे सारे खरे नाही याची त्यांना पूर्ण जाणीव होती. नातवाने १७६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अनुभवाची नोंद केली. पुढे जॉर्ज द मॉर्सिए यांनी या लक्षणसमूहाला बोने यांचे नाव दिले. म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे जी गोष्ट ग्रंथांत आहे, ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली होती आणि मला दिसली नाही. डोळे त्यांचे अधू होते, पाहायचे मात्र मी राहिलो.

हे का घडते, हे थोडक्यात सांगतो. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण चित्र तयार होते ते मेंदूत. डोळ्यांकडून येणारे संदेश आटले म्हणून मेंदूतील दृष्टीचे भाग स्वस्थ बसत नाहीत, ते आपले आपण चित्रे उभी करू लागतात. लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे आलेखन प्रसिद्ध केले. रुग्णाला रंग दिसत होते तेव्हा मेंदूतील रंग ओळखणारा भाग जागा होता, आणि चेहरे दिसत होते तेव्हा चेहरे ओळखणारा. म्हणून रुग्ण 'मला दिसते' म्हणतो, तेव्हा तो कल्पना करीत नसतो किंवा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच दिसत असते. पाय कापावा लागलेला रुग्ण, नसलेल्या पायाची बोटे दुखतात म्हणून सांगतो, तेव्हा आपण त्याला वेडा म्हणत नाही. ऐकू येणे कमी झालेल्या काही वृद्धांना जुनी गाणी, भजने ऐकू येतात. या साऱ्यांची जातकुळी एकच आहे.

येथे शब्दांचा थोडा विचार करू. अंधारात पडलेला दोर साप वाटणे, हा आपल्या परंपरेतील प्रसिद्ध दृष्टान्त आहे. तेथे दोर असतो, केवळ ओळख चुकते. तो भ्रम. जेथे दोरही नसतो आणि तरीही साप दिसतो, त्याला मानसशास्त्रात निर्वस्तुभ्रम म्हणतात. आपल्या बोलीत या दोहोंसाठी एकच सोपा शब्द आहे, भास. 'मला भास झाला' असे आपण सहज म्हणतो आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. भास या शब्दात वेड नाही. मग त्याच अनुभवाची वाच्यता दवाखान्यात करताना जीभ का अडखळावी?

असे अनुभव किती जणांना येतात? इंग्लंडमध्ये केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांच्या पुढाकाराने एक मोठी पाहणी झाली व १८९४ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पूर्ण जागे असताना, बाह्य कारण नसताना, कोणी दिसल्याचा, स्पर्श झाल्याचा किंवा आवाज ऐकू आल्याचा अनुभव कधी आला का, असे सुमारे १७,००० व्यक्तींना विचारण्यात आले. साधारण दहांपैकी एकाने होकार दिला. हे लोक रुग्णालयांतील नव्हते, आपापला संसार व व्यवसाय सांभाळणारी सर्वसाधारण माणसे होती.

सर्वांत परिचित भास झोपेच्या उंबरठ्यावरचे. डोळा लागता लागता कोणी नावाने हाक मारल्यासारखे वाटते, दाराची कडी वाजते, चेहरे तरळून जातात. ब्रिटनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकतृतीयांशाहून अधिक लोकांनी झोप लागतानाचे असे अनुभव सांगितले होते. काहींना जाग येते, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कोणीतरी आहे असे जाणवते. स्वप्न पडत असताना शरीराचे स्नायू निसर्गतःच शिथिल झालेले असतात. मेंदू जागा झाला आणि स्नायू क्षणभर मागे राहिले, म्हणजे हा प्रकार घडतो. थोड्याच वेळाच्या या अनुभवापायी कित्येक तरुण मुलामुलींना अंगारे-धुपारे आणि मांत्रिकाच्या दारी नेले जाते, हे आपण जाणताच. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदान-पुस्तिकेतही झोपेच्या सीमेवरील हे भास सामान्य अनुभवाच्या कक्षेतच धरलेले आहेत.

अतिश्रम, एकान्त आणि विरळ हवा यांनीही असे घडते. १९३३ साली ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ एव्हरेस्टच्या माथ्याखाली अठ्ठावीस हजार फुटांच्या आसपास एकटे होते. आपल्यासोबत आणखी कोणी चालले आहे, अशी त्यांची इतकी खात्री झाली की, खिशातील खाऊ काढून त्याचा अर्धा तुकडा त्यांनी त्या सोबत्यापुढे धरला. तेथे कोणीच नव्हते. स्माइथ सुखरूप परतले आणि पुढे अनेक वर्षे चढाया करीत व ग्रंथ लिहीत राहिले.

आता ज्या अनुभवाविषयी आपल्यापैकी अनेकांना मनातून काही सांगावयाचे असेल, त्याकडे वळतो. जन्माचा जोडीदार गेल्यावर घरात त्याची चाहूल लागते. सकाळी चहाच्या वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, खोकला ऐकू येतो, दारात ओळखीची आकृती उभी दिसते. वेल्समधील देवी रीस या कुटुंबवैद्याने आपल्या परिसरातील २९३ विधवा व विधुरांना भेटून याविषयी विचारले आणि १९७१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेल्या जोडीदाराची जाणीव कोणत्या ना कोणत्या रूपाने झालेली होती. काहींच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे टिकली होती. संसार दीर्घ व सुखाचा झालेल्यांत हे अधिक आढळले. बहुतेकांना त्याचा आधारच वाटत होता. तरीही रीस यांनी विचारीपर्यंत त्यांतील बहुसंख्यांनी ते कोणाजवळही बोलून दाखविलेले नव्हते. गुरुजींनी जे अकरा महिने झाकून ठेवले, ते वेल्समधील त्या घरांतूनही तसेच झाकलेले होते.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी हात जोडून सांगतो, की आजी म्हणाल्या, "काल हे येऊन उभे राहिले होते," तर दचकू नका आणि त्यांना गप्पही करू नका. "काय म्हणाले आजोबा?" असे विचारा. त्यांना रडू आले तर येऊ द्या. गेलेल्या माणसाविषयी बोलण्याची वाट त्यांना त्यातून मिळते.

मात्र येथे थांबलो, तर डॉक्टर या नात्याने मी कर्तव्यात चुकेन. प्रत्येक भास निरुपद्रवी असतो, असे मी मुळीच म्हणत नाही. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, नवे औषध किंवा मद्य अचानक बंद होणे, यांमुळे वृद्ध व आजारी माणसाला एकाएकी भास होऊ लागतात, तो गोंधळतो, दिवस-रात्र विसरतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हातांना कंप, चालण्यात संथपणा किंवा विस्मरण यांच्या जोडीने दिसणारे भास मेंदूच्या आजाराचे चिन्ह असू शकतात. कानांवर येणारा आवाज स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्यास सांगत असेल, रुग्णाला ते सारे खरेच वाटत असेल, तो घाबरून, संशयाने घेरला जाऊन जेवण-झोप-काम सोडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे नेण्यास विलंब करू नये. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईला झोप लागेनाशी होऊन आवाज ऐकू येऊ लागले, तर ती तातडीची बाब समजावी. शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू आहे, तीही ध्यानात असू द्यावी.

ज्यांना मनोविकार आहे, त्यांच्याबाबतही घरच्यांच्या वागणुकीला मोल असते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई येथील, प्रत्येकी वीस, आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांशी संवाद साधला व २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील रुग्णांना ते आवाज बहुधा परके, हिंसक व आक्रमक वाटत. चेन्नईतील निम्म्याहून अधिक रुग्णांना ते आईवडील, सासू, नणंद, अशा नात्यातल्या माणसांचे वाटत. ते रागावत, समजावत, घरातली कामे सांगत. आजार तोच आणि उपचारही आवश्यकच. पण भोवतालचा समाज त्या अनुभवाकडे कसा पाहतो, त्याची सावली अनुभवावरही पडते, असा त्या संशोधकांचा अभिप्राय आहे.

गुरुजींना वाटणाऱ्या दुसऱ्या भीतीबद्दलही बोलले पाहिजे. आपल्या देशाच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यानेच कोणी विकल मनाचा ठरत नाही. तो निर्णय सक्षम न्यायालयाचा आहे. मग ज्याला मानसिक आजारच नाही, केवळ दृष्टी गेल्यामुळे चित्रे दिसतात, त्याने आपली सही जाईल म्हणून का भ्यावे?

परिचारिका भगिनीने कळविल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या खाटेशी जाऊन बसलो. त्यांना सर्व समजावून सांगितले. त्या गोळ्या मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांच्या सल्ल्याने हळूहळू बंद केल्या. फेटेवाले दिसू लागले की खोलीत दिवा लावावा, डोळे डावी-उजवीकडे काही वेळा फिरवावेत, उठून जागा बदलावी, कोणाशी बोलावे, असे साधे उपाय सांगितले. कित्येकांचे भास काळाने कमी होतात, काहींचे राहतात, हेही लपविले नाही. मग मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला हसून टाळल्याबद्दल.

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे एवढे कागदावर लिहून द्या. मुलांना दाखवीन." मी केसपेपरवर शुद्ध मराठीत लिहिले: 'यांची बुद्धी उत्तम आहे. यांना जे दिसते ते दृष्टी गेल्यामुळे दिसते.' खाली सही-शिक्का केला. तो कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि त्यांचे चिरंजीव सांगतात की, अखेरपर्यंत तो तेथेच होता. फेटेवाले येत राहिले, पण गुरुजी पुन्हा भजनाला जाऊ लागले. सुनेने एकदा विचारले, "आज किती जण आलेत, मामंजी?" गुरुजी म्हणाले, "पाच. पण चहा एकालाच कर."

तेव्हापासून माझ्या बाह्यरुग्ण विभागात दृष्टी मंदावलेल्या प्रत्येक रुग्णाला मी एक प्रश्न विचारतो: "डोळे अधू झाल्यावर अनेकांना नसलेल्या गोष्टी दिसतात. तुम्हांला दिसतात का?" 'अनेकांना' हा शब्द मी मुद्दाम घालतो. तो ऐकताच कित्येक चेहऱ्यांवरचा ताण उतरताना मी पाहिला आहे. आपल्या सर्व विभागांच्या नोंदणीपत्रकात, विशेषतः वृद्ध, दृष्टिहीन, कर्णबधिर व नुकतेच जोडीदार गमावलेल्या रुग्णांसाठी, हा प्रश्न समाविष्ट व्हावा, अशी मी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो.

देणगीदारांनाही एक सांगू इच्छितो. या प्रश्नाला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाजवळ बसून तो विचारण्यास आणि उत्तर ऐकण्यास एक माणूस व थोडा वेळ लागतो. त्या रात्री गुरुजींच्या खाटेशी जी परिचारिका बसू शकली, तिला बसण्याइतकी उसंत मिळाली, कारण त्या कक्षात रात्रपाळीला आणखी एक परिचारिका नेमलेली होती. तिचे वेतन आपल्या देणग्यांतून जाते. ज्याच्यावर पाटी लावता येत नाही असे हे दान आहे. पण त्याने एका वृद्ध माणसाला अकरा महिन्यांच्या भीतीतून बाहेर काढले, याची नोंद आजच्या दिवशी व्हावी, एवढीच माझी इच्छा.